सीईटीचे सराव पेपर: रोज एक सोडवतोय, गुण मात्र जागचे हलत नाहीत

येरळाकाठ | २४ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार. मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. त्याचा बोर्डाचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने एमएचटी-सीईटीचे, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचे, सराव पेपर सोडवायला घेतले. रोज एक. १५० प्रश्न, तीन तास, घड्याळ समोर ठेवून. आज सोळावा झाला.

पहिल्या पेपरला २०० पैकी १०८ पडले होते. चौथ्याला ११५. आज ११३. फिजिक्स ३१, केमिस्ट्री ३४ आणि मॅथ्सचे ५० पैकी २४ बरोबर, म्हणजे ४८. सोळा दिवस झाले, गाडी तिथल्या तिथेच आहे.

पेपर संपला की तो गुण बघतो, वहीच्या मागच्या पानावर लिहितो आणि जेवायला बसतो. संध्याकाळी उद्याचा संच काढून ठेवतो. "अजून दहा पेपर होऊ दे, आपोआप वाढतील," म्हणतो. मी कॉमर्सची, मला त्यातलं गणित कळत नाही. पण भाकरी रोज करपायला लागली तर आपण जास्त भाकऱ्या थापत नाही, तवा बघतो, चूल बघतो. इथे काय बघायचं ते मला समजत नाहीये.

परीक्षेला २६ दिवस उरलेत. पेपर चालू ठेवू द्यावेत की थांबवून पुस्तक हातात घ्यायला लावावं?

तिखटमीठ | २४ मार्च, रात्री ९.५२

ताई, जाणकार येतीलच. मी पहिली जागा धरून ठेवतो, कारण माझी पुतणीही याच नावेत आहे. आणि भाकरीचं वाचून आत्ता या वेळी भूक लागली, त्याची जबाबदारी तुमची.

फळा_खडू | २४ मार्च, रात्री १०.३५

कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पेपर संपल्यावर तो गुण बघतो आणि जेवायला बसतो. चुकलेल्या प्रश्नांकडे परत जातोच कधी?

तीन तासांचा पेपर सोडवला तर त्याच्यावर निदान तीन-चार तास बसायला हवं. रोज पेपर दिला तर याला वेळच उरत नाही, म्हणून तीन दिवसांत एकच पेपर द्यावा. पहिल्या दिवशी पेपर आणि त्याची चिरफाड. उरलेले दोन दिवस त्या पेपरात जे धडे उघडे पडले, तेवढेच.

चिरफाड कशी करायची ते सांगतो, कारण मुलं "सोल्यूशन बघितलं, समजलं" एवढ्यावर सोडून देतात. चुकलेला प्रश्न उत्तर न बघता, घड्याळ बाजूला ठेवून परत सोडवायला घ्यायचा. आता सुटला, तर धडा येतोय पण वेग नाही किंवा घाई झाली. आताही सुटला नाही, तर धडाच कच्चा आहे. दोन्हींवरचं औषध वेगळं आहे, आणि हे सोल्यूशन वाचून कधीच कळत नाही. सोल्यूशन वाचताना सगळ्यांनाच सगळं येतं.

आणखी एक, हे बहुतेक जण करतच नाहीत. पेपर सोडवताना ज्या उत्तराची खात्री नाही त्या प्रश्नाच्या क्रमांकापुढे कच्च्या कागदावर छोटी फुली मारायची. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे कोणीच काही कोरं सोडत नाही आणि सोडूही नये. पण मग बरोबर आलेल्या उत्तरांत तुक्के किती, हे कळायला हवं. ११३ मधले खरे किती आणि नशिबाचे किती, हे आधी मोजा.

लातूरकर | २४ मार्च, रात्री ११.१०

सरांशी शंभर टक्के सहमत. लोक लातूर पॅटर्न म्हटलं की फक्त परीक्षांची संख्या मोजतात. आमच्या वर्गात दर रविवारी पेपर असायचा हे खरं, पण सोमवारचे पहिले दोन तास त्याच पेपरवर जायचे. ज्याचा प्रश्न चुकला त्याने फळ्यावर यायचं आणि आपण कुठे घसरलो ते सगळ्यांसमोर सांगायचं. सुरुवातीला पाय लटपटायचे. दोन महिन्यांत अशी सवय झाली की पेपर सोडवतानाच मनात यायचं, "इथे आपण मागच्या वेळी पडलो होतो."

ती सोमवारची बैठक काढून टाकली तर नुसते पेपर उरतात.

निशिगंध | २५ मार्च, सकाळी ७.१५

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. तिच्या क्लासमध्ये दर आठवड्याला पेपर व्हायचा आणि संध्याकाळी सगळ्यांचे क्रमांक भिंतीवर लागायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. हसतखेळत अभ्यास करणारी मुलगी डिसेंबरपर्यंत रविवार आला की जेवेना. पेपर इतके अवघड काढायचे की ७२० पैकी ३०० पडले तरी मुलं खूश. शेवटचे दोन महिने आम्ही ते सगळं बंद केलं. ती घरी पुस्तक वाचायची आणि जुने प्रश्न धड्याप्रमाणे सोडवायची, घड्याळाशिवाय. आज ती बीएएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आनंदात आहे.

तेव्हा आधी मुलाकडे बघा. झोप लागते का, जेवण जातं का. गुण नंतर.

फळा_खडू | २५ मार्च, सकाळी ७.४०

निशिगंधताई, राग कसला? भिंतीवर क्रमांक लावण्याच्या मी कायम विरोधात आहे. त्याने पहिल्या दहांचं भलं होत नाही आणि उरलेल्यांचं नुकसान होतं. आमच्याकडे मी पेपर फक्त ज्याच्या त्याच्या हातात देतो.

फक्त घड्याळाबद्दल माझं मत वेगळं आहे. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद. या वेगाची सवय घड्याळाशिवाय लागत नाही.

निशिगंध | २५ मार्च, सकाळी ८.०५

वेगाचं मान्य आहे सर. पण ज्या मुलाचा पायाच कच्चा आहे त्याला ५४ सेकंदांचा धाक दाखवून काय साधणार? आधी सुटू दे, मग लवकर सुटू दे. आमच्या घरी हे पटायला फार उशीर झाला म्हणून कळकळीने लिहिते.

सायली२३ | २५ मार्च, दुपारी १.२०

मी मागच्याच वर्षी सीईटी दिली, आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. काकू, मॅथ्सच्या २४ वरून मला वाटतं तुमचा मुलगा बोर्डाच्या पद्धतीने गणित सोडवतोय. मीही तेच करायचे.

मला अजून आठवतो तो प्रश्न. शून्य ते पाय बाय टू, साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. मी पहिल्या मॉकला अंश फोडून, छेदाचं डेरिव्हेटिव्ह जुळवून, पानभर लिहून चार मिनिटांनी उत्तर काढलं: पाय बाय फोर. बरोबर आलं म्हणून मी तो प्रश्न परत बघितलाच नाही. नंतर माझ्या मैत्रिणीने दाखवलं की एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं की साइनचा कॉस होतो, दोन्ही इंटिग्रल्सची बेरीज केली की आत नुसता १ उरतो. म्हणजे दुप्पट उत्तर पाय बाय टू, आणि उत्तर त्याचं निम्मं. पंधरा सेकंद! हा गुणधर्म आमच्या बारावीच्या पुस्तकात होता, बोर्डाला मी तो पाठ करून लिहिलाही होता. पण बोर्डात "गुणधर्म वापरून सोडवा" असं डोक्यात असतं, सीईटीत तो वापरायचा हे कोणी सांगत नाही.

म्हणून माझी विनंती, चुकलेले तर बघाच, पण बरोबर आलेल्यांत ज्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तेही बघा. तिथेच वेळ सांडतो आणि शेवटचे दहा प्रश्न डोळे मिटून टिक करावे लागतात.

आणि पर्यायांकडून उलटं यायला शिकायला हवं. डिफरन्शिअल इक्वेशनमध्ये चारही उत्तरं समोर आहेत, प्रत्येकाचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बसतं का बघायचं. हे बोर्डात चालत नाही म्हणून मुलांना चोरी केल्यासारखं वाटतं. चोरी नाही ती.

तिखटमीठ | २५ मार्च, दुपारी १.४५

सायली, पुतणीला तुझी पोस्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "काका, हे मला माहीत होतं." मग तिला तोच प्रश्न दिला. तिनेही पानभर लिहिलं. आता घरात शांतता आहे आणि ती परत पुस्तक उघडून बसलीय.

अभ्यासिका_४२ | २५ मार्च, रात्री १०.१५

मी राज्यसेवेचा अभ्यास करतो, पेठेतल्या अभ्यासिकेत. विषय प्रवेश परीक्षेचा आहे तरी लिहितो. आमच्या पूर्व परीक्षेला चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात. म्हणून आमच्यात ठाम नियम आहे, खात्री नसेल तर सोडून द्या. जेईई, नीट देणाऱ्यांनीही हाच नियम धरावा.

स्टेथोस्कोप | २५ मार्च, रात्री १०.५०

अभ्यासिका दादा, नीटच्या बाबतीत थोडा हिशोब करू. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १, पर्याय चार. काहीच माहीत नसताना १६ प्रश्नांवर तुक्के मारले तर सरासरीने ४ बरोबर येतील, त्याचे १६. उरलेले १२ चूक, त्याचे वजा १२. हातात उरले ४. म्हणजे सरासरीने तोटा नाही, पण १६ प्रश्नांच्या मागे ४ गुण ही काही कमाई नव्हे, आणि दिवस वाईट असला तर वजाही जाईल.

चित्र बदलतं ते एखादा पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं की. तीनातून एक निवडायचा असेल तर तेच १६ प्रश्न सरासरीने १० च्या पुढे गुण देतात. दोनातून एक असेल तर २४. म्हणून सराव पेपरात मी दोन वेगळ्या खुणा करायचे, "पूर्ण अंधार" आणि "दोनात अडकले". आठ-दहा पेपरांनंतर कळलं की दोनात अडकल्यावर माझं पहिलं मन बहुतेक वेळा बरोबर असायचं आणि मी शेवटच्या पाच मिनिटांत उत्तर बदलून चूक करायचे. अर्थात नीटच्या ओएमआरवर, म्हणजे उत्तरांच्या छापील कागदावर, गोल एकदा पेनने भरला की बदलता येत नाही, त्यामुळे ती सवय तिथे आपोआप मोडली. दुसऱ्याचं मन वेगळं असू शकतं, म्हणून प्रत्येकाने स्वतःचं मोजावं.

ओएमआरवरून आठवलं. नीट देणाऱ्यांनी घरीसुद्धा गोल भरूनच सराव करा. माझ्या एका मैत्रिणीने सगळे पेपर मोबाइलवर दिले. प्रत्यक्ष परीक्षेत शेवटच्या वीस मिनिटांसाठी गोल भरायचे राखून ठेवले, मध्ये एका प्रश्नाचा गोल भरायचा राहिला आणि पुढची सगळी ओळ एका घराने सरकली. लक्षात आलं तेव्हा बत्तीस गोल भरून झाले होते. ते सांगताना तिचा आवाज आजही बदलतो.

अभ्यासिका_४२ | २५ मार्च, रात्री ११.०५

हिशोब पटला. "खात्री नसेल तर" यात अंधार आणि अर्धा उजेड दोन्ही मी एकाच पोत्यात भरत होतो. मीही खुणा करून बघतो.

कोथरूडचे_आजोबा | २६ मार्च, सकाळी ६.३०

आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंगला प्रवेश व्हायचा. पण चौथीच्या स्कॉलरशिपला आमचे गुरुजी शाळा सुटल्यावर कंदील लावून प्रश्न सोडवून घ्यायचे. बुद्धिमत्तेच्या पेपरात "गटात न बसणारे पद" असायचं. उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी विचारायचे, "का बसत नाही ते सांग." कारण सांगता आलं नाही तर बरोबर उत्तरही धरायचे नाहीत. सायलीने आणि मास्तरांनी लिहिलंय ते तेच आहे.

आणि पेपराच्या दिवशी पोटभर पोहे नकोत, सुस्ती येते. साधी उपमा-भाकरी, काय रोजचं असेल ते.

तिखटमीठ | २६ मार्च, सकाळी ८.१०

आजोबा, पोह्यांवर आक्षेप घेतलात तर हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

न्यूजर्सीची_माई | २६ मार्च, रात्री ८.४०

इथे नातीची एसएटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. ती परीक्षा आता संगणकावर होते आणि परीक्षा घेणारी संस्थाच सरावाचे पूर्ण पेपर त्याच ॲपमध्ये फुकट देते. जसा खरा पेपर तसाच तो, पहिल्या भागात कसं सोडवलं त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, हेसुद्धा तसंच. तिच्या शिक्षिकेने बजावलंय की हे पेपर मोजके आहेत, ते एकामागून एक उडवू नकोस. आधी इतर प्रश्नांवर हात बसव आणि हे दोन-दोन आठवड्यांनी वापर.

येरळाकाठ, तुमच्या मुलाने सोळा पेपर वापरले. पुढचे जपून वापरायला सांगा.

फळा_खडू | २६ मार्च, रात्री ९.३०

माईंचा मुद्दा फार मोलाचा. सीईटी अनेक सत्रांत होते, त्यामुळे मागच्या वर्षांचे प्रश्न भरपूर आहेत, पण तेही संपतातच. खासगी संचांत मला दोन दोष नेहमी दिसतात. एक, उत्तरसूचीच चुकीची. मूल बिचारं बरोबर उत्तर पुसून चुकीचं पाठ करतं. दुसरा, उगाच अवघड केलेलं गणित, जे सीईटीत येणारच नाही. आणि हो, सीईटीत साधारण ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांचा असतो. संच घेताना हे प्रमाण आहे का ते बघा.

शिक्षणशास्त्राची_विद्यार्थिनी | २७ मार्च, दुपारी १२.१०

मूळ प्रश्नात "पेपर की पुस्तक" असं विचारलंय म्हणून एक प्रयोग सांगते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणजे आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास आहे. पण त्यासाठी १५० प्रश्नांचा पेपरच लागतो असं नाही. धडा मिटून कोऱ्या कागदावर सूत्रं लिहून काढणं हीसुद्धा चाचणीच. निशिगंधताईंच्या मुलीने घड्याळाशिवाय धड्याचे प्रश्न सोडवले, तेही यातच बसतं.

निशिगंध | २७ मार्च, दुपारी १२.४०

हे वाचून बरं वाटलं. मनापासून आभार.

येरळाकाठ | २८ मार्च, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. लेकाला पूर्ण धागा वाचायला दिला. आधी म्हणाला, "आई, तू माझे मार्क सगळ्यांना सांगितलेस?" मग सायलीची पोस्ट दोनदा वाचली.

काल आणि आज आम्ही दोघं पंधराव्या पेपरावर बसलो. मी फक्त वही आखून देत होते आणि विचारत होते, "हा का चुकला?" ८९ बरोबर, ६१ चूक. सरांनी सांगितलं तसं उत्तर न बघता परत सोडवून विभागणी केली. धडाच येत नाही असे १९. वेळ संपला म्हणून शेवटी कसेही टिक केलेले १४. चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही असे १७. दोनात अडकून चुकीचं निवडलेले ११.

आणि जे बरोबर होते त्या ८९ मध्ये १६ तुक्के निघाले. हे बघून तो बराच वेळ गप्प होता.

सतरा चुकांतल्या सहा अशा की प्रश्नात "कोणते विधान चुकीचे आहे" विचारलंय आणि याने बरोबर विधान शोधून टिक केलंय. सहा प्रश्न! मला कॉमर्सवालीलाही ते दिसलं. आता तो स्क्रीनवरचा "चुकीचे", "नाही" हा शब्द आधी कच्च्या कागदावर लिहून मगच पर्याय वाचतो.

येत नसलेल्या १९ पैकी आठ लाइन अँड प्लेन आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स या दोनच धड्यांचे. कॉलेजात ते धडे झाले तेव्हा हा टायफॉइडने आजारी होता. मला आठवत होतं, त्याला आठवत होतं, पण तेच चार महिन्यांनी असं समोर येईल हे दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. तो आत्तापर्यंत छापील संचावर सोडवत होता. परीक्षा संगणकावर आहे. घरी संगणक नाही, मोबाइल आहे.

सायली२३ | २८ मार्च, रात्री १०.५५

काकू, मोबाइलवर नको. निदान चार-पाच पेपर मोठ्या स्क्रीनवर द्यायला हवेत. कागदावर आपण प्रश्नावरच खुणा करतो, आकृतीवर रेघा मारतो. स्क्रीनवर ते जमत नाही, आकडे बघून कच्च्या कागदावर उतरवावे लागतात आणि तिथेच वजाचं चिन्ह गळतं. मी पहिल्यांदा स्क्रीनवर दिला तेव्हा माझे बारा गुण कमी झाले होते. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सरावाची मॉक असते, ती आधी द्या, बटणं कुठे आहेत ते कळतं.

आणि पहिल्या ९० मिनिटांत केमिस्ट्री आधी घ्यायची. थिअरीचे प्रश्न पटापट होतात, साधारण पस्तीस मिनिटांत, उरलेला वेळ फिजिक्सला. ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो, मग मॅथ्समधून परत मागे येता येत नाही.

हळदीचं_गाव | २९ मार्च, सकाळी ९.००

ताई, विट्याकडच्या का तुम्ही? तुमच्या भागातल्या एखाद्या संगणक प्रशिक्षण केंद्राला विचारा. सकाळी नऊ ते बारा त्यांचे संगणक बऱ्याचदा रिकामे असतात. आमच्या सांगलीत एकाने तीन मुलांना आठवडाभर बसू दिलं, चहाही पाजला.

येरळाकाठ | १७ एप्रिल, रात्री ९.१५

परवा पेपर आहे. इतके दिवस लिहिलं नाही, मुद्दामच.

प्रशिक्षण केंद्रात सहा पेपर झाले. पहिल्याला १०४ आले, सायली म्हणाली होती तसेच. नंतर ११९, ११७, १२६, १३१ आणि परवाच्या दिवशी १२८. तुक्के १६ वरून ७ वर आले. लाइन अँड प्लेन आता येतं. इलेक्ट्रोस्टॅटिक्स अजून डळमळीत आहे, ते राहिलंच. कालपासून पेपर बंद केलेत, फक्त चुकांची वही वाचतोय. रात्री दहाला झोपतो.

सेंटर सांगलीत आलंय, सकाळचं सत्र, हजेरी साडेसातची. पहाटेच्या एसटीवर विसंबावं की आदल्या दिवशीच यावं, हे ठरत नाहीये.

फळा_खडू | १७ एप्रिल, रात्री ९.२५

आदल्या दिवशीच जा. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र दोन्ही आजच एका पाकिटात घालून ठेवा. वही मात्र सोबत असू दे.

हळदीचं_गाव | १७ एप्रिल, रात्री ९.३०

ताई, वैयक्तिक निरोपात सेंटरचा पत्ता कळवा. आमचं घर बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे, वरची खोली रिकामी आहे. दोघंही उद्या संध्याकाळी या. सकाळी मी स्कूटरवरून त्याला सोडतो. आणि सौ. विचारतेय, उपमा चालेल ना?